भांडं कोणी घासलं?

आमच्या मॅडमना शांततेत काही सुचत नसे. भिवंडीत राहायला ही मोठी सोयीची सवय होती. गावातल्याच नारपोलीला त्यांच्या वडिलांचे लूम, म्हणजे यंत्रमाग, होते, खाली लूम आणि वर घर, आणि पाळण्यापासून एम.एस्सी.पर्यंतचं त्यांचं सगळं आयुष्य त्या खडखडाटावर गेलेलं. त्यामुळे समोर एकच विद्यार्थी बसलेला असला तरी त्या मागच्या गल्लीपर्यंत पोचेल अशा आवाजात बोलत. प्रयोगशाळेची खिडकी बारा महिने उघडी. गल्लीतले लूम चालू असले की मॅडम खुशीत असायच्या आणि शुक्रवारी, लूमला सुट्टी म्हणून गाव गप्प झालं की बेचैन व्हायच्या. "आज डोकं बंद आहे," म्हणायच्या आणि जुने कागद लावत बसायच्या. शुक्रवारी त्यांच्याकडून कुठल्याही अर्जावर सही मिळत नसे. सही करायची म्हणजे विचार करावा लागतो, हे त्यांचं म्हणणं.

मी त्यांची शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. पहिल्या भेटीत त्यांनी माझे मार्क विचारले नाहीत, विषय विचारला नाही. माझे हात पुढे करायला लावले, उलटेपालटे करून पाहिले, आणि विचारलं, "घरी भांडी कोण घासतं?"

"आई घासते. कधीकधी मी."

"'कधीकधी' म्हणजे नाहीच," मॅडम म्हणाल्या. "इथे पण घासायची नाहीत. भांडी मी घासते."

मला वाटलं, गंमत करतायत. गंमत नव्हती. त्या खोलीत काचेच्या नळीपासून पोलादी डब्यापर्यंत प्रत्येक वस्तू मॅडम स्वतः धूत. ओढणी कमरेला खोचून, कुर्त्याच्या बाह्या वर सारून, रोज सकाळी सिंकपाशी उभ्या. शिपायाला हात लावू देत नसत, आम्हाला तर नाहीच. दारावर त्यांच्या अक्षरात पाटी होती: 'साबण बाहेर ठेवा'. कोणी बाहेरून हात धुऊन आलं आणि हाताला साबणाचा वास आला तर परत पाठवत. पाहुणे म्हणून आलेल्या एका मोठ्या प्राध्यापकांनाही त्यांनी नळावर पाठवलं होतं आणि ते मुकाट्याने गेले होते.

या कडकपणाला कारण होतं, आणि ते समजायचं तर आमचं काम काय होतं ते सांगायला हवं. माझ्या आईला ते मी चार वर्षं सांगत होते.

"कोलशाच्या गोल्या करतंय," असं आई आमच्या कोन गावातल्या शेजारणींना सांगायची. "कालेजात जाऊन. चुलीत काय कोलसा न्हाय आपल्या?"

आई तशी चुकत नव्हती. साखरेचं पाणी जाड पोलादी डब्यात घट्ट बंद करायचं आणि ओव्हनमध्ये ठेवायचं. मॅडम त्या डब्याला कुकर म्हणत. आत पांढऱ्या टेफ्लॉनचा पेला असतो, पाणी त्यात. बऱ्याच तासांनी उघडलं की तळाशी तपकिरी काळी पूड बसलेली असते. डोळ्यांना ती नुसती पूड दिसते, पण मुंबईला पाठवून मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढून आणला की दिसतात गोळ्या. खसखशीच्या दाण्यासारख्या गोल, पण खसखशीच्या कितीतरी पट लहान. या गोळ्या पुन्हा हवा न लागू देता भट्टीत तापवल्या की त्यांना भोकं पडतात, आणि भोकं असलेली गोळी पाण्यातला रंग ओढून घेते. आमच्या गावाच्या नाल्यांतून कुठल्या दिवशी कुठला रंग वाहतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. मॅडमना त्या रंगांवर औषध हवं होतं. साखर त्यांच्या दृष्टीने कामाची वस्तू झाली होती, म्हणून त्या चहासुद्धा बिनसाखरेचा पीत. "कच्चा माल खायचा नसतो," म्हणत.

आता गोळ्या सुट्ट्या व्हायला हव्यात, एका मापाच्या हव्यात आणि त्यांना भोकं हवीत, तर साखरेच्या पाण्यात आणखी एक गोष्ट घालावी लागते. पुस्तकात तिला पृष्ठसक्रिय द्रव्य म्हणतात, आम्ही सर्फॅक्टंट म्हणायचो, आणि सोप्या भाषेत ती साबणाच्या जातीची वस्तू. मॅडम तिला दलाल म्हणायच्या.

"सूतवाला आणि लूमवाला एकमेकांना ओळखत नाहीत," त्या पहिल्याच दिवशी मला शिकवत होत्या, खिडकीबाहेरच्या लूमच्या वर आवाज काढून. "मधे दलाल लागतो. त्याचा एक हात याच्या खांद्यावर, एक हात त्याच्या. हे द्रव्य तसंच. डोकं पाण्यात, शेपूट तेलात. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं? दलाल कमी पडले तर काय होईल?"

"सौदा होणार नाही."

"गोळ्या एकमेकींना चिकटतील. आणि दलाल फार झाले तर?"

मी वहीत नुसतंच 'दलाल' लिहिलं.

"बाजारात बघितलं नाहीस कधी? फार दलाल झाले की ते आपापसातच सौदे करतात! घोळका करून बसतात एका कोपऱ्यात. पाण्यात पण तसेच घोळके होतात. आणि बेटा, आपल्याला ते घोळकेच पाहिजेत, मोजून मापून. गोळी त्या घोळक्यांच्या भोवती बनते. मग भट्टीत दलाल उडून जातो आणि त्याची बसायची जागा रिकामी राहते. तेच भोक. तेच आपलं काम करतं."

मी पुढे या विषयावरचे पुष्कळ जाडजूड निबंध वाचले. त्यांत आलेख होते, समीकरणं होती, पण ज्याच्यामुळे माझं पुढे कुठे अडलं नाही असा खुलासा एवढाच. आजही वर्गात शिकवताना माझ्या तोंडून दलालच येतो आणि मुलं हसतात.

साबणावर इतकी बंदी का, ते आता कोणालाही कळेल. ज्या वस्तूचा थेंब मोजून घालायचा तीच जर भांड्याला आधीच लागलेली असेल, तर मोजण्याला अर्थ काय राहिला? म्हणून प्रयोगशाळेत साबण नाही. मग मॅडम भांडी कशाने घासत? रिठ्याने. गॅलरीत एका डब्यात फोडलेले रिठे भिजत घातलेले असत. त्यांच्या अम्मी लग्नातला जरीचा दुपट्टा रिठ्याच्या पाण्यात धूत, आणि त्या दुपट्ट्याची जरतार अजून काळी पडलेली नव्हती, हे मॅडम येईल त्याला सांगत. "केमिकल नाही, काही नाही. झाडाचं फळ आहे!"

आणि एक त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. कोणाचाही निकाल चांगला आला, फोटो सुरेख आले, आलेखाची रेघ सरळ आली की मॅडम चष्मा कपाळावर सरकवून आधी म्हणत, "माशाल्ला!" आणि लगेच, संशयाने, "भांडं कोणी घासलं?"

यावर उत्तर एकच असायचं. "तुम्ही, मॅडम."

"मग बरोबर असेल," असं म्हणून त्या समाधानाने चष्मा खाली घेत.

इतर विभागांतली मुलं आमची नक्कल करायची. कँटीनमध्ये वडा चांगला झाला तरी कोणीतरी ओरडायचं, "भांडं कोणी घासलं?" मॅडमच्या कानावर ते गेलं होतं. त्यांना त्यात विनोद काय ते कळलं नाही. "प्रश्न बरोबर आहे," म्हणाल्या. "वड्याला पण विचारलाच पाहिजे."

माझं काम छान चाललं होतं. एक नमुना दलाल घातलेला, कमीजास्त मापाने, आणि त्याच्याशी ताडून बघायला एक नमुना दलालाशिवायचा. दलाल काय करतो हे सांगायचं तर तो नसताना काय होतं ते आधी माहीत हवं. आणि इथेच नवल घडलं. माझे बिनदलालाचे नमुनेसुद्धा सुट्टे येत होते. गोल, एका मापाचे, एकमेकांपासून अंग राखून बसलेले. जगातल्या बाकी प्रयोगशाळांत ते चिकटत होते, भिवंडीत चिकटत नव्हते. आम्ही पुन्हा केले, तरी सुट्टे. मग आम्ही दोघींनी मिळून त्यावर एक सिद्धान्त उभा केला: गोळ्या सुट्ट्या राहायला दलालाची गरजच नाही, तो फक्त भोकांपुरता लागतो. सिद्धान्त नवा होता, देखणा होता. मॅडम निवृत्तीला आल्या होत्या आणि जाताजाता एवढं काहीतरी हाताला लागलं म्हणून त्या लहान मुलीसारख्या हरखल्या होत्या. विभागप्रमुख मला म्हणाले होते, "उन्हाळ्याच्या आत प्रबंध सादर कर. इथली जागा निघतेय, डिग्री हातात असली तर तुझीच." घरी मी सांगून टाकलं होतं. माझा सगळा जीव त्या जागेत अडकला होता.

प्रबंध सादर करण्याआधी समितीपुढे एक शेवटचं भाषण द्यावं लागतं. ते दिलं. बाहेरून आलेले दोघं तज्ज्ञ होते, विभागप्रमुख होते, मागे सगळी मुलं. मी बिनदलालाच्या नमुन्याचा फोटो पडद्यावर लावला. खरंच सुरेख फोटो होता तो. तज्ज्ञांपैकी एकजण पुढे वाकून म्हणाले, "वा!"

आणि पहिल्या रांगेतून, नेहमीच्या खणखणीत आवाजात, सवयीने आलं, "माशाल्ला! भांडं कोणी घासलं?"

मुलं हसली. मीही हसत, सवयीनेच, म्हणाले, "तुम्ही, मॅडम."

पुढचं वाक्य आलं नाही. मी पुढचा फोटो लावला, बोलायला लागले, तरी मॅडमचा चष्मा कपाळावरच होता. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण मला बघत नव्हत्या. मग एकदम उठल्या. "थांब," म्हणाल्या आणि चालू भाषणातून बाहेर गेल्या. मागोमाग विभागप्रमुख, त्यांच्यामागे मी, आणि तज्ज्ञही, कारण बसून करणार काय!

प्रयोगशाळेत मॅडमनी सकाळीच घासून पालथा घातलेला टेफ्लॉनचा पेला उचलला. त्यात शुद्ध पाणी ओतलं, फिरवलं, ते एका परीक्षानळीत घेतलं, तोंडावर अंगठा दाबला आणि नळी जोरजोरात हलवली. मग खिडकीच्या उजेडात धरली. पाण्यावर फेसाचं बारीक पांढरं कडं उभं होतं. आम्ही सगळे बघत राहिलो. ते विरेना.

"रिठा," मॅडम म्हणाल्या. एवढ्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "रिठ्याला फेस येतो. फेस येतो म्हणजे तो दलाल आहे. आयुष्यभर हेच शिकवलं मी."

रिठा हाही एक साबणच, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मॅडमना सगळ्यांत जास्त. पण रिठा त्यांच्या डोक्यात रसायनांच्या कपाटात नव्हताच, अम्मीच्या दुपट्ट्याशेजारी होता. त्यात आमच्याकडे पाण्याची रड. टेमघरच्या पाणीकेंद्रातून पाणी सुटलं नाही की कॉलेजची टाकी तळाला, आणि मग पेला दोन पाण्यांऐवजी एकाच पाण्यातून निघायचा. माझा प्रत्येक 'बिनदलालाचा' नमुना दलालाच्या मांडीवर बसूनच वाढला होता.

विभागप्रमुख व्यवहारी माणूस. तज्ज्ञ चहाला गेल्यावर त्यांनी दार लोटलं आणि म्हणाले, "मॅडम, यात मुलीचं नुकसान नको. ते नमुने प्रबंधातून काढून टाकू. दलालवाले तेवढे ठेवू. कोण विचारतंय?"

"मी विचारतेय," मॅडम म्हणाल्या.

"अहो, पण तिची जागा जाईल!"

"जाईल." मग त्या माझ्याकडे वळल्या. "बेटा, अब्बांच्या गोदामात एखादा तागा डागी निघाला ना, तर ते तो थप्पीच्या सगळ्यात वर ठेवायचे. गिऱ्हाईक आलं की त्याला आधी डाग दिसला पाहिजे. लोक हसायचे. पण खालचा माल कोणी उलगडून बघायचं नाही. गरजच नसायची." आणि विभागप्रमुखांना म्हणाल्या, "सर, लिहून घ्या. चूक मुलीची नाही, माझी आहे. सगळं काम परत होणार."

बोलायला हे छान होतं. मला त्या क्षणी मॅडमचा इतका राग आला की सांगता येत नाही. डाग त्यांचा, अब्बा त्यांचे, आणि तागा माझा! कोनपर्यंत मी रिक्षात रडत गेले. शेजारच्या बाईने मला सरकून जास्तीची जागा करून दिली, त्यामुळे आणखीच रडू आलं. घरी आई दारातच होती.

"झाल्या का तुज्या गोल्या?"

"झाल्या होत्या. मॅडमनी परत करायला सांगितल्या."

आई चिडली. "तिचा काय जातंय? तिला पेन्शन हाय. तुला काय हाय?"

ती जागा त्या उन्हाळ्यात कल्याणच्या एका मुलाला मिळाली. मुलगा चांगला होता, हे आणखी वाईट.

मी काही दिवस कॉलेजात गेलेच नाही. गेले तेव्हा दारावरची 'साबण बाहेर ठेवा' ही पाटी जागेवरच होती, पण खाली मॅडमनी नवी ओळ लिहिली होती: 'रिठासुद्धा'. गॅलरीतला डबा गेला होता. मॅडम सिंकपाशी नव्हत्या, स्टुलावर बसल्या होत्या, हातात बाटली घासायचा ब्रश. मला बघून उठल्या आणि तो ब्रश माझ्यापुढे धरला.

"आजपासून तू घासायचं."

मला वाटलं होतं त्या माफी मागतील. माफीचा शब्दही नाही. पण त्या बाईने जन्मात कोणाच्या हातात तो ब्रश दिला नव्हता. मी घेतला.

मग ती घासाघीस सुरू झाली. आधी आम्लाने, मग गरम पाण्याने, मग शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा, आणि शेवटी परीक्षानळीत हलवून फेसाची परीक्षा. बुडबुड्यांचं कडं राहिलं की पुन्हा पहिल्यापासून. मॅडम माझ्या मागे उभ्या राहून बघत आणि त्यांना ते बघवत नसे. "कडेला... कडेला राहिलं... नाही नाही, तू तुझं काय करायचं ते कर," असं त्यांचं चाले. शेवटी त्यांनी दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले, म्हणजे मधे येणार नाहीत. मधेच त्या निवृत्त झाल्या. हारतुरे झाले, भाषणं झाली, किल्ली परत दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नारपोलीहून रिक्षा करून पुन्हा हजर. ऑफिसने कळवलं की निवृत्त माणसाला उपकरणांना हात लावता येणार नाही. "हात बांधलेलेच आहेत," मॅडम म्हणाल्या आणि ओढणी दाखवली.

स्वच्छ पेल्यातल्या नमुन्याचा पहिला फोटो आला. गोळ्या एकमेकींना गच्च चिकटलेल्या, जुळ्या, तिळ्या, काही ठिकाणी तर नुसता लगदा. माझा चेहरा पडला. मॅडमनी तो पडद्याला नाक लावून बघितला आणि टाळी वाजवली.

"माशाल्ला! काय घाण आहे बघ! किती सुंदर घाण!"

आमचा देखणा सिद्धान्त त्या घाणीत बुडाला, आणि त्या दिवशी मला मॅडम खऱ्या कळल्या. स्वतःचा सिद्धान्त मेल्याचा आनंद मानणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. माझा राग कधी गेला ते सांगता येणार नाही, पण त्या टाळीनंतर तो मला सापडला नाही. पुढे आम्ही रिठाही मापून घालून पाहिला. तो साधा दलाल निघाला. गोळ्या सुट्ट्या करतो, पण आमच्या डब्यात त्याने भोकं फारशी सोडली नाहीत. मॅडमना ते थोडं लागलं, अम्मीच्या बाजूने.

प्रबंधाचं पहिलं प्रकरण आम्ही त्या चुकीवरच लिहिलं. डागी तागा वर.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक करड्या चेहऱ्याचे होते. मॅडम मागच्या रांगेत बसल्या होत्या, निवृत्त माणसासारख्या. हात ओढणीत. परीक्षकांनी प्रबंध उघडला, चाळला, आणि म्हणाले, "मी आजवर पुष्कळ प्रबंध वाचले. पहिलं प्रकरण भांडी घासण्यावर असलेला हा पहिलाच. तुमच्या आधीच्या सगळ्या नमुन्यांत चूक होती असं तुम्हीच लिहिलंय. मग या नमुन्यांत नाही, हे मी कशावरून मानू?"

खोलीत शांतता. नेमका शुक्रवार होता. बाहेर लूम बंद. माझ्याकडे फेसाच्या परीक्षेचे आकडे होते, फोटो होते, सगळं पाठ होतं, आणि त्या शांततेत मला काही सुचेना. मॅडमना शुक्रवारी काय होत असेल ते मला तेव्हा कळलं.

मागून आवाज आला. मागच्या गल्लीपर्यंत जाईल असा.

"सर, तिला विचारा, भांडं कोणी घासलं?"

परीक्षक दचकून मागे वळले. विभागप्रमुखांनी कपाळावर हात मारला. मी मागे बघितलं. मॅडमचा चष्मा कपाळावर होता आणि त्या उत्तराची वाट बघत होत्या, अगदी खरोखरीची, जणू त्यांना ते माहीत नव्हतं.

"मी," मी म्हणाले. "मी घासलं, मॅडम."

त्यांनी चष्मा खाली घेतला.

"मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या.